वैशाखात गारठलेले मासे

नांदेडच्या भर वैशाखात आमच्या घरातले मासे थंडीनं आजारी पडले होते, असं मी सांगते तेव्हा लोक आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात आणि मग एकमेकांकडे. बघू देत. ज्यांनी नांदेडचा उन्हाळा काढलाय, दुपारी दाराच्या कडीला हात लागून ज्यांना चटका बसलाय, त्यांना तर ही शुद्ध थाप वाटते. पण ही गोष्ट खरी आहे आणि ती खरी असल्याचं सगळ्यांसमोर सिद्ध करणारी मी आहे. पुढे आयुष्यात बऱ्याच परीक्षा दिल्या, काहींत बरे गुणही पडले, पण त्या उन्हाळ्यातल्या परीक्षेनं मला जो माज चढला तसा पुन्हा कधी चढला नाही. तो अजून पुरता उतरलेला नाही, हे माझी सून तुम्हाला सांगेल.

तेव्हा मी नववीतून दहावीत गेले होते. आमचं घर जुन्या नांदेडात, एका अरुंद बोळात. पुढे ओसरी, मध्ये जाड मातीच्या भिंतींचं माजघर, मागे स्वयंपाकघर आणि वर एक पत्र्याची खोली, ती भाड्यानं दिलेली. पहाटे गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचा आवाज यायचा, मग शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफट करायला लागायचा आणि त्यानंतर आईच्या भाकरीची थापटी. नळाला पाणी एक दिवसाआड येई आणि तेही आलं तर. त्यामुळे घरातले हंडे, बादल्या, पिंपं सगळी भरलेली आणि झाकलेली असत, आणि कुणी चूळ भरताना जरा जास्त पाणी घेतलं की वडील, म्हणजे आमचे बापू, ओसरीवरूनच खाकरत. बापू सरकारी कचेरीत कारकून होते. शेती होती अर्धापूरला, ती काका बघत. तिकडून केळीचे घड गोणपाटात गुंडाळून यायचे, त्यामुळे आमच्या माजघराला बारा महिने पिकल्या केळीचा वास असे. मला अजूनही तो वास आला की भूक लागते.

माशांची टाकी आमच्याकडे आली ती वरच्या भाडेकरूमुळे. ते बँकेत साहेब होते. त्यांची बदली झाली आणि ट्रकवाला काचेची टाकी घ्यायला काही केल्या तयार होईना. साहेब जाताना ती आईच्या हवाली करून गेले. टाकीत एंजल माशांची एक जोडी होती, पसरट, चकचकीत, अंगावर उभे काळे पट्टे. टाकीबरोबर एक काचेची नळीही होती, आत लाल रेघ असलेली. साहेब आईला म्हणाले, "वहिनी, ह्या नळीत सत्तावीस-अठ्ठावीस दिसलं पाहिजे. तेवढं सांभाळलं की हे दोघं संसार करतात." आईनं हे वाक्य मनावर घेतलं ते कायमचं.

आई मूळची बिलोलीकडची, मांजरा नदीच्या काठावरच्या गावातली. लहानपणी नदीत पाय सोडून बसलं की मासे येऊन टाचा कुरतडायचे, हे ती इतक्यांदा सांगे की ते मासे मला नावानिशी माहीत झाल्यासारखे वाटत. तिच्या गावात अर्धी बोली तेलुगूच, म्हणून ती माशांना कधीच मासे म्हणाली नाही, 'चेपा' म्हणायची. "चेपांना दाणा टाकला का गं?" लग्न होऊन ती नदीपासून उठली ती थेट नळाच्या रांगेत येऊन उभी राहिली. मला वाटतं, ती टाकी म्हणजे या घरात तिला मिळालेली स्वतःची म्हणावी अशी पहिली वस्तू होती. दागिने सासूनं दिलेले, भांड्यांवर बापूंचं नाव कोरलेलं. टाकी तेवढी तिची. दुपारी सगळं आवरलं की ती माजघरात टाकीसमोर पाटावर बसायची, पंपाची घुर्रघुर्र ऐकत, आणि तिचा चेहरा असा निवांत व्हायचा की तिला हाक मारायला मलाच संकोच वाटे.

बापूंना टाकी खुपायची. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही. बोळातल्या बायका एकेका घागरीसाठी भांडत असताना आमच्या घरी काचेच्या पेटीत पाणी नुसतं उभं होतं. "लोकं काय म्हणत असतील? माणसाला पाणी न्हाई अन् ह्यांच्याकडं मासे पोहून राहिलेत," ते म्हणायचे. आई उलट बोलायची नाही. टाकीतलं जुनं पाणी काढलं की ती ते मागच्या कढीपत्त्याला घाली. त्या कढीपत्त्याचं झाड त्या वर्षी छपराच्या वर गेलं होतं, ते बापूंना दिसत नव्हतं.

उन्हाळा सुरू झाला आणि लातूरहून दिगूमामा आला. आईचा धाकटा भाऊ. लातुरात त्याचं पंखे, टॉर्च, मिक्सर असल्या सामानाचं दुकान होतं, आणि हौस म्हणून त्यानं एका कोपऱ्यात माशांचं सामानही ठेवायला घेतलं होतं. मामा कुठेही गेला तरी त्याच्या खिशातून काहीतरी नवीन निघायचं. या वेळी निघालं एक थर्मामीटर. काचेची नळी नव्हे, चांगलं घड्याळासारखं गोल, पितळी कडा, पांढरी तबकडी, काळा काटा आणि खाली पाण्यात बुडवायची दांडी. "अक्का, ती नळी फेकून दे. हे बघ, लांबून बी वाचता येतंय," असं म्हणत त्यानं ते टाकीच्या काठाला अडकवलं. काटा हळूहळू सरकत बत्तिसावर थांबला. शेजारी नळीतली लाल रेघ अठ्ठाविसावर होती. एकच पाणी आणि दोन आकडे.

आईनं काय केलं असेल? तिनं पदर खोचला आणि टाकीत कोपर बुडवलं. तान्ह्या लेकराच्या अंघोळीचं पाणी बायका असंच बघतात. हात कामानं राठ झालेला असतो, त्याला काही कळत नाही. कोपराची कातडी खरं सांगते. "नळीच बरोबर हाय," ती म्हणाली. मामा हसला. "अक्का, तू चुलीम्होरून उठून आलीस. तुला आता इस्तू बी गार लागंल." बापूंनीही मान डोलावली. आणि इथे मी नांदेडकरांचा एक स्वभाव सांगून ठेवते. उन्हाळ्यात आमच्याकडे जो जास्त आकडा सांगतो त्याचं लगेच पटतं. 'आज चव्वेचाळीस होतं' म्हणणाऱ्याला कुणी विचारत नाही, 'कशावरून?' उलट ऐकणारा म्हणतो, 'जास्तच असंल.' तेव्हा बत्तीस म्हणणारं घड्याळ सगळ्यांना आपलं वाटलं आणि अठ्ठावीस म्हणणारी नळी लबाड.

तरी आई ऐकेना, तेव्हा मामाच म्हणाला की परीक्षाच घेऊ. तो रविवार होता आणि मामा आलाय म्हणून बापूंनी आइस्क्रीमचा पॉट किरायानं आणला होता. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, लाकडी बादली, तिच्या मधोमध दुधाचा डबा, डब्याभोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ, आणि वर फिरवायचा दांडा. घरातल्या प्रत्येकानं आळीपाळीनं तो फिरवायचा, खांदे भरून आले की पुढच्याला द्यायचा. दांडा करकर वाजत होता, बर्फ आत कडकडत होता, मामा मुठीमुठीनं मीठ टाकत होता आणि म्हणत होता, "बर्फ शून्याला असतो, हे तर शाळेतल्या पोरांना बी ठाऊक हाय. काय गं शके?" मी म्हटलं, हाव, शून्याला. मामानं दोन्ही थर्मामीटरं बादलीतल्या बर्फात खुपसली. आम्ही सगळे भोवती वाकून बसलो. घड्याळाचा काटा सरसर खाली आला आणि बरोब्बर शून्यावर थांबला. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. नळीतली लाल रेघ मात्र शून्य ओलांडून खाली गेली, आणखी खाली गेली आणि शेवटी तळाच्या फुगीर टोकात शिरून दिसेनाशीच झाली.

"पळाली!" मामा ओरडला आणि बापूंसकट सगळे खो खो हसले. बापू एरवी हसत नसत. आईही थोडी हसली, पण तिनं नळी पुसून, कापडात गुंडाळून फडताळात ठेवली. फेकली नाही. आइस्क्रीम झकास झालं होतं. त्यात अर्धापूरची केळी होती.

मग सुरू झाली माशांना गार करण्याची मोहीम. घड्याळ बत्तीस म्हणतंय म्हणजे चार अंश उतरवायचे. केळीची गोणपाटं भिजवून टाकीच्या तीन बाजूंना गुंडाळली, बापूंनी स्वतः ओसरीवरचा कूलर ओढत माजघरात आणला आणि त्याचं तोंड टाकीकडे केलं. आम्ही माणसं ओसरीवर घामाच्या धारांत आणि मासे कूलरसमोर! माठातलं पाणी गार होतं तसंच टाकीतलं झालं. काटा खाली आला, अठ्ठाविसावर टेकला आणि मामा समाधानानं लातूरला गेला. आई रोज कोपर बुडवायची आणि म्हणायची, "गार हाय गं." मी काट्याकडे बोट दाखवायचे. ती कोपर पदराला पुसायची.

एंजलच्या जोडीनं त्या दिवसांत एका रुंद पानावर अंडी घातली. साबुदाण्याहून बारीक, ओळीनं चिकटवलेली. आईनं मला तोंडावर बोट ठेवून जवळ बोलावलं आणि आम्ही दोघी श्वास रोखून बघत बसलो. दुसऱ्या दिवशी त्यातली काही पांढरी झाली. मग सगळीच. त्यांच्यावर कापसासारखी बुरशी धरली. पाठोपाठ मोठे मासेही पंख मिटून कोपऱ्यात उभे राहायला लागले, अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके. आईनं त्या दिवशी सगळ्यांना वाढलं आणि स्वतः जेवली नाही. मला तिचा राग आला नाही, त्या घरातल्या बाकी सगळ्यांचा आला, आणि का ते मला सांगता येईना.

बापूंनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि शांतपणे सांगितलं. "दिगू टेम्पो घेऊन माल न्यायला येणार हाय. तवा टाकी त्याच्याकडं धाडू. तिथं जगतील तरी. माणसाच्या तोंडचं पाणी घ्यायचं अन् त्यात जीव मारायचे, हे मला न्हाई पटत." आई म्हणाली, "धाडा." एवढंच. बापूंना वाटलं, तिला पटलं. मी तिचा चेहरा बघितला होता. मी म्हटलं, "अन् त्याच्या आत पिल्लं जगली तर?" बापू म्हणाले, "जगली तर राहू दे टाकी. माझा शब्द हाय. पण दिगूचा टेम्पो दाराशी येईस्तोवरच."

त्यानंतर सुट्टी म्हणून मी आणि आई लातूरला गेलो. एसटीनं लोहा, अहमदपूर करत, खिडकीतून येणारी झळ पदरानं अडवत. टाकीची जबाबदारी बापूंवर होती. गोणपाटं ओली ठेवायची, एवढंच काम. मामाचं घर दुकानाच्या मागेच. मामी अंगानं बारीक आणि तोंडानं फटकळ, पण हाताला चव अशी की तिच्या शिव्यासुद्धा गोड लागाव्यात. तिच्याकडे स्वतःचा पॉट होता. नणंद आली म्हणून तिनं दूध आटवलं, वेलदोडा कुटला, मामानं बर्फाची लादी आणून फोडली आणि बादलीत भरली. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून तो उठून गेला, आणि मी दांडा फिरवायला बसले.

मी फिरवतेय, फिरवतेय. नेहमी थोड्या वेळानं दांडा जड होतो, दूध आळायला लागलं की कळतं. तो काही जड होईना. दोन्ही खांद्यांतून कळा यायला लागल्या. मामीनं झाकण उघडून बघितलं तर आत दूध डुचमळतंय, थंडगार, पण दूधच. तिनं बर्फाचा खडा उचलून जिभेला लावला आणि कपाळावर हात मारला. "आगं, मीठच न्हाई की यात! तुझ्या मामाचं ध्यान कुठं असतंय? नुसत्या बर्फानं दूध गार हुतंय, गोठत न्हाई. मीठ पडलं म्हंजे मग बर्फ आणखीन गार हुतो."

माझा हात दांड्यावर होता तिथेच राहिला. बर्फ आणखी गार होतो. शून्याहून गार. म्हणजे नांदेडला त्या बादलीत शून्य नव्हतंच! खाली कितीतरी होतं, आणि लाल रेघ खाली गेली ती पळाली नव्हती, जिथे जायला पाहिजे तिथेच गेली होती. मग जे घड्याळ तिथे शून्य दाखवत बसलं ते काय होतं? मला एकदम इतकं हसू आलं की मामी म्हणाली, "हिला ऊन लागलं." मी उठले, एक पातेलं घेतलं, बिनमिठाचा बर्फ त्यात घातला, त्यात थोडं पाणी ओतलं आणि पातेलं छातीशी धरून दुकानात गेले. ओढणी भिजली, बर्फ सांडला, मामी मिठाची वाटी हातात घेऊनच मागून ओरडत आली, तिच्यामागून आई.

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. मामा कुणाला तरी आमच्यासारखंच थर्मामीटरचं घड्याळ दाखवत होता, तसली आणखी मागे दोरीवर टांगलेली होती. मी पातेलं काउंटरवर आदळलं. "मामा, हे घड्याळ यात घाल." मामा म्हणाला, "काय करूलालीस गं शके? घेतलीय की परीक्षा." मी म्हटलं, "ती मिठाच्या बर्फातली. ही साध्या बर्फातली." मामा तसा दिलदार माणूस, शिवाय गिऱ्हाइकांसमोर भाचीला कसं दटावणार? त्यानं दांडी बर्फात बुडवली. काटा खाली येत गेला, आठ, सहा, पाच, आणि चारावर थांबला. मामानं तबकडीवर टिचकी मारली. काटा हलला नाही. त्यानं दोरीवरचं दुसरं घड्याळ काढून बुडवलं, तेही चारच्या आसपास. मग मी त्याच्या खोक्यातली एक साधी काचेची नळी उचलली आणि बर्फात धरली. लाल रेघ खाली आली आणि शून्याच्या रेघेवर उभी राहिली.

"आता बघ," मी म्हटलं आणि मामीच्या हातातलं मीठ पातेल्यात ओतून ढवळलं. नळीतली रेघ शून्याच्या खाली सरकायला लागली. घड्याळाचा काटाही सरकला, तीन, दोन, एक, आणि शून्यावर येऊन टेकला. टेकला, कारण तिथे तबकडीवर एक इवलीशी खुंटी होती. काटा त्याच्या पुढे जाऊच शकत नव्हता. नांदेडला आम्ही ज्याला खरेपणा समजून हसलो होतो ती नुसती एक खुंटी होती. आमचं घरचं घड्याळही पहिल्यापासून चार अंश चढं सांगत होतं. ते अठ्ठावीस म्हणायचं तेव्हा पाणी चोविसावर असायचं.

 मामानं डोळे मिचकावत आईकडे बघितलं. "अक्का," तो म्हणाला, "म्या तुझ्या माशांना वैशाखात हिवाळा दाखवला गं." आणि मग तो इतका मोठ्यानं हसला की रस्त्यावरचे लोक डोकावले. आई हसली नाही. ती पुढे आली, तिनं आपलं कोपर दुसऱ्या हातानं धरलं होतं. "माझं कोपर खोटं बोलत न्हवतं दिगू," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण मान इतकी ताठ मी तिची तोवर पाहिली नव्हती. मला त्या क्षणी माझ्या आईचा अभिमान वाटला, आणि मुख्य म्हणजे माझा स्वतःचाही वाटला. त्यात मी काही कमीपणा मानत नाही.

मामानं घड्याळं दोरीवरून उतरवून खोक्यात टाकली. नळ्यांचं खोकं आईसमोर सरकवलं. "घे, कोणती पाहिजे ती." मी सगळ्या नळ्या नव्या बर्फात उभ्या केल्या. बहुतेक शून्यावर आल्या, एखाद-दुसरी दोन अंश वर रेंगाळली, ती बाजूला गेली. मी आनंदानं एक उचलली, तर आईनं माझा हात धरला. "थांब. शून्याला खरं बोलली म्हणून अठ्ठाविसाला खरं बोलंल कशावरून?" शाळेत इतकी वर्षं मी होते, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. मग मामीनं घरातलं तापाचं थर्मामीटर आणलं. कोमट पाणी केलं, आईच्या कोपरानं पास केलेलं. तापाचं थर्मामीटर अठ्ठाविसाच्या बरंच वरून सुरू होतं, पण खालचा शून्य आणि हा वरचा आकडा दोन्ही जुळले की मधल्यावर भरवसा ठेवता येतो. ते होतं फॅरनहाइटमधलं, मामानं कागदावर हिशेब करून आकडा काढला आणि ज्या नळ्या तिथेही त्याच्याशी जुळल्या त्यातली एक, ठळक रेघांची, आईनं निवडली. घासाघीस करून साडी घेणाऱ्या बाईच्या तोऱ्यात तिनं ती उजेडाकडे धरून उलटीसुलटी बघितली. गिऱ्हाइकांपैकी एका पागोटेवाल्या काकांनी विचारलं, "मासे पाळायला एवढं लागतंय व्हय?" मामा म्हणाला, "माझ्या दुकानात आजपासून लागतंय." पुढे कितीतरी वर्षं त्याच्या काउंटरवर बर्फाचं एक पातेलं असायचं आणि गिऱ्हाइकासमोर बुडवून दाखवल्याशिवाय तो थर्मामीटर विकत नसे.

आता माझ्या मुलाच्या घरी टाकी आहे. तिच्यावर लाल आकडे दाखवणारं यंत्र आहे, दशांशात सांगतं. ते आणलं त्या दिवशी मी फ्रीजमधला बर्फ काढून वाटीत घेतला. सून म्हणाली, आई, ह्याची गॅरंटी आहे. मी म्हटलं, असू दे, माझीही आहे. ते यंत्र अर्ध्या अंशानं चुकत होतं. मी चार दिवस घरात त्याच विषयावर बोलत होते.

लातूरहून आम्ही नळी भाकऱ्यांच्या गठुड्यात, मधोमध ठेवून आणली. घरी येऊन बघतो तर बापूंनी जबाबदारी इतकी मनावर घेतलेली की तीनऐवजी चारही बाजूंना गोणपाटं, वर ओला पंचा आणि कूलरमध्ये बर्फाचा तुकडा. मासे दिसतच नव्हते. आईनं नवी नळी बुडवली, तर लाल रेघ बाविसाच्याही खाली. तिनं फडताळातून साहेबांची जुनी नळी काढली आणि शेजारी लावली. दोघींचा आकडा एक. बापू म्हणाले, "मी तर एक मिनिट गोणपाट वाळू दिलं न्हाई," आणि आम्ही दोघी का हसतोय ते त्यांना कळेना. मी त्यांना सगळं सांगितलं, मिठासकट, खुंटीसकट. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हंजे आम्ही घामानं भिजून राहिलो अन् तुमचे मासे कुडकुडून राहिले?" आईनं एकदम सगळी गोणपाटं काढली नाहीत, रोज एकेक काढलं. कूलर परत ओसरीवर गेला, बापूंच्या खाटेसमोर. तेही काही वाईट झालं नाही.

लाल रेघ अठ्ठाविसावर आली आणि तिथे राहिली. माशांचे पंख उघडले, ठिपके गेले. मग एके सकाळी आईची हाक आली, "शके, इकडं ये, हळू ये." पानावर पुन्हा अंडी होती. दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून टाकीपाशी गेले आणि मग उघडले. पांढरं नव्हतं. मधाच्या रंगाची, स्वच्छ. त्यानंतर त्यांना शेपट्या फुटल्या, पानाला चिकटून त्या थरथरायला लागल्या, आणि घरात कुणी पातेलं आपटलं तरी आई 'शूऽ' करायची. बापू म्हणायचे, "मला काय त्याचं," पण कचेरीला जाताना मनगटावरच्या घड्याळाला किल्ली द्यायला ते ओसरीऐवजी माजघरात येऊन उभे राहायला लागले. त्या घड्याळाला इतकी किल्ली आयुष्यात कधी बसली नसेल.

दिगूमामाचा टेम्पो आला तो नेमका त्या दिवशी, ज्या दिवशी पिल्लं पान सोडून पोहायला लागली. मामा दोर आणि जुनी गादी घेऊनच आत आला, कारण बापूंचा शब्द त्यालाही माहीत होता.  आईनं त्याचा हात धरला आणि टाकीसमोर नेऊन उभं केलं. आईबापांच्या मधोमध पिल्लांचा एक ढगच तरंगत होता, प्रत्येकाला दोन डोळे आणि एक शेपटी, बाकी काही नाही. मामानं हातातली गादी खाली टाकली आणि तिच्यावरच बसला. मग आम्ही तिघं किती वेळ तसेच बसलो कुणास ठाऊक. चहा चुलीवर उतू गेला.

बाहेर टेम्पोत मामाचा माल आधीच भरलेला होता, वर ताडपत्री. आणि त्याच वेळी बापू कचेरीतून आले. दारात टेम्पो, ताडपत्रीखाली चौकोनी उंचवटा, दोर बांधलेला. आम्हाला आत नुसता आवाज ऐकू आला, "थांबा! कुणी हात लावला टाकीला? थांबवा गाडी!" गाडी उभीच होती. आम्ही धावत ओसरीवर आलो तर बापू टोपी, छत्री, डब्यासकट टेम्पोच्या फळीवर चढलेले, ताडपत्री ओढताहेत आणि ड्रायव्हर बिचारा हात जोडून म्हणतोय, "साहेब, पंखे हायत, पंखे!" ताडपत्री निघाली आणि खोक्यांच्या आडून पंख्यांची पाती बाहेर आली. अख्खा बोळ दारात जमला होता. बापू तिथेच, फळीवर, घामानं डबडबलेले उभे. मामा खालून म्हणाला, "दाजी, उतरा. टाकी जागच्या जागी हाय. आता ती कुठं बी जाणार न्हाई." आई पदर तोंडाला लावून हसत होती, खांदे हलेपर्यंत. बापूंना राग यायला हवा होता, पण तेही हसायला लागले, आणि मग उतरून सरळ माजघरात गेले.

टाकीसमोर आईच्या पाटावर ते पहिल्यांदा बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यांच्या खाण्याचं काय?" मामा जरा घुटमळला. "दाजी, पोहायला लागली म्हंजे आजपासून खायला पाहिजे. मोठ्यांचा दाणा ह्यांच्या तोंडात मावत न्हाई. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यातून गाळून देतात, कणभर."  बापूंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं, त्याचं नावही जेवताना कुणी काढत नसे. आईनं मान खाली घातली. मामा म्हणाला, "न्हाई तर मी नेतो पिल्लं लातूरला, तिथं..."

बापू उठले. त्यांनी चपला घातल्या आणि टोपी न घालताच बाहेर पडले. आम्हाला वाटलं, गेले, आता विषय संपला. थोड्या वेळानं ते परत आले, दोन्ही हातांत रुमालाची पुरचुंडी धरून, अंगापासून लांब, जपून. बोळातल्या बाया बघत होत्या आणि त्यांनी कुणाकडेही बघितलं नाही. पुरचुंडी त्यांनी आईपुढे धरली.

"भांडं तेवढं वेगळं घे," ते म्हणाले. "अन् लवकर उकड. लेकरं उपाशी हायत."